दुसरा माठ

२५ ऑगस्ट २०२४

आबा,

जय भीम. पोचले, खोली मिळाली, कुकरही मिळाला. हे सगळं आईला फोनवर सांगून झालंय, पण तुमच्या कानातलं यंत्र फोनवर नुसती शिट्टी मारतं, म्हणून तुम्हाला पत्र. हाताने लिहून त्याचा फोटो अर्शदच्या मोबाईलवर पाठवतेय. तो त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून तुम्हाला देईल. तुमचं उत्तरही त्याच्याकडे द्या. बिरवाडीहून अलाबामापर्यंत पत्र दोन मिनिटांत येईल आणि तरी ते पत्रच असेल. तुमच्या अक्षरातलं.

इथलं सांगते. हे काळ्या लोकांनी स्वतःसाठी काढलेलं विद्यापीठ. गुलामगिरी संपली त्यानंतर तिसऱ्या वर्षी सुरू झालं. तेव्हा विद्यापीठ कसलं, चर्चमागची एक छपरी होती. शिकवणारा माणूस स्वतः आधी गुलाम होता, मालकाच्या मुलांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकलेला. पहिल्या वर्षी साठीची म्हातारी आणि तिची नात एका बाकावर बसून एकाच पुस्तकातून वाचायच्या. गोऱ्यांनी ती छपरी दोनदा जाळली. तिसऱ्यांदा विटांची इमारत बांधायची ठरली तेव्हा विकत विटा द्यायला कोणी तयार होईना. मग मुलांनीच भाजल्या. सकाळी वर्ग, दुपारी भट्टी.

त्याच इमारतीच्या तळघरात माझं काम आहे. जुनी पत्रं वाचायची, त्यांची यादी करायची. भिंतीतल्या काही विटांवर बोटांचे ठसे आहेत, ओली असताना कोणीतरी उचलली त्याचे. परवा मी माझी बोटं लावून बघितली. आबा, ती बोटं माझ्याहून लहान होती. मी तिथेच पायरीवर बसून रडले आणि मग मलाच माझा राग आला.

माझा प्रबंध दोन जागांवर असणार आहे. एक ही, दुसरी पोलादपूरजवळचं रामजी मास्तरांचं वसतिगृह. पहिल्या तुकडीतले तुम्ही एकटे उरलात. सुरुवातीचं सगळं लिहून पाठवा. काय खायचात, कुठे झोपायचात, सगळं. काही बारीकसारीक म्हणून सोडू नका.

तुमची,
श्रुतिका


१२ सप्टेंबर २०२४

श्रुतिका,

जय भीम. तुझं अक्षर अजून मुंगी शाईत पडल्यासारखंच हाय. अमेरिकेनं काय फरक केला नाय. मी मास्तर होतो तोवर शुद्ध लिहिलं, आता पेन्शनीत बोलतो तसं लिहिणार. चुका काढायच्या नाय.

तर ऐक. रामजी मास्तर पलटणीतून हवालदार होऊन परत आले. दुसरा कोणी असता तर घर बांधलं असतं. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला पडीक जागा मिळवली आणि वाडी-वाडी फिरून पोरं गोळा केली. शाळा होती पोलादपुरात, पण आमच्या डोंगरातल्या पोरानं रोज तीन तास चालत यायचं कसं? म्हणून वसतिगृह. जून १९५४. मी अकरा वर्षांचा.

भिंती कारवीच्या, वरून माती लिंपलेली. लिंपलं आम्हीच. तुझ्या त्या विटांचं वाचून मला हसू आलं, आमच्या भिंतीवर पण सगळे पंजेच पंजे होते. पहिल्याच पावसात एक भिंत बसली. मास्तर म्हणाले, बरं झालं, आता खिडकी मोठी करू. असला माणूस. ओरडायचे मात्र पलटणीसारखे. पहाटे शिट्टी, नदीवर आंघोळ, मग पाढे. सकाळी नाचणीची आंबील, रात्री भात आणि कुळथाचं पिठलं. पिठलं पातळ असायचं, त्यात तोंड दिसायचं. अठरा पोरं आम्ही, अठरा गोधड्या, कंदील दोन. पडवीत पाण्याचे माठ दोन. पाणी भरायचं काम माझ्याकडं होतं, कारण माझ्या बापानं १९२७ साली महाडच्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं होतं. मास्तर म्हणाले, ज्याच्या बापानं पाणी मिळवलं त्याच्या पोरानं पाणी सांभाळायचं. काय छाती फुगली होती माझी!

अठरांतले सात मास्तर झाले, एक तहसील कचेरीत लागला, तिघं मुंबईला गिरणीत गेले. बाकीचे शेतीवर राहिले, पण सही करणारे राहिले. आता सगळे गेले. वसतिगृहाला सत्तर वर्षं झाली म्हणून समितीनं दारात दगड बसवायचा ठरवलाय, पहिल्या तुकडीची नावं कोरून. १४ एप्रिलला. यादी मला विचारून केली. माझं नाव सातवं हाय.

तिकडं थंडी पडेल. कान झाक.

आबा


६ ऑक्टोबर २०२४

आबा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. खिडकीची गोष्ट प्रोफेसर लवीनियांना सांगितली. त्या माझ्या मार्गदर्शक, सत्तरीच्या आहेत, इथेच शिकल्या, त्यांची आजीही इथेच शिकली. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

पण मला तळघरात एक वेगळीच गोष्ट सापडली आहे आणि चार दिवस ती डोक्यातून जात नाही. विद्यापीठ सुरू झालं त्यानंतर वीसेक वर्षांनी इथल्या मुलामुलींचं गाणारं पथक उत्तरेकडे दौरे करायचं. गोऱ्या श्रीमंतांसमोर गायचं, त्यांनी मदत करायची, त्यातून इमारती उभ्या राहायच्या. त्या पथकात मिनर्व्हा नावाची एक मुलगी होती. आवाज सगळ्यांत चांगला. पण रंगानं सगळ्यांत काळी. गोऱ्या पाहुण्यांना उजळ मुली समोर बघायला आवडतात असं संस्थेच्याच लोकांनी ठरवलं. म्हणून मिनर्व्हा पडद्यामागे उभी राहून गायची. तीन वर्षं. आईला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मी अंधारात वाकून नमस्कार करते.

हे गोऱ्यांनी नाही केलं, आबा. आपल्याच माणसांनी केलं. संस्थेच्या छापील इतिहासात लिहिलंय की मिनर्व्हा लाजाळू होती.

आणि मग तुमच्या पत्रातले दोन माठ आठवले. अठरा मुलांना दोन कशाला? एक मोठा रांजण पुरला असता. गावातून कोणी सवर्ण शिक्षक शिकवायला येत होते का? आणि ते तुमच्या माठातलं पाणी पीत नसतील, म्हणून त्यांचा वेगळा? म्हणजे तुमच्याच छपराखाली, तुमच्याच हातांनी भरलेलं पाणी, आणि तरी तुम्हालाच वेगळं ठेवणारं. तसं असेल तर माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण त्या माठावर उभं राहील. लवकर कळवा.

कान झाकते आहे.

श्रुतिका


२० ऑक्टोबर २०२४

श्रुतिका,

जय भीम. तुझं बरोबर हाय. गावातून एक मास्तर यायचे. त्यांच्यासाठी होता.

यंदा पाऊस लांबलाय, भात आडवा झाला. तुझी आई दिवाळीला येते म्हणाली, बघू. एमआयडीसीतला वास काल रात्रीपासून फार हाय, डोळे चुरचुरतात, म्हणून जास्त लिहीत नाय.

आबा


१७ नोव्हेंबर २०२४

आबा,

काल परिसंवादात मी निबंध वाचला. शंभरेक माणसं होती. मी सांगितलं की ज्याच्या वडिलांनी तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, त्या अकरा वर्षांच्या मुलाला एका सवर्ण मास्तरासाठी रोज वेगळा माठ भरावा लागत होता. संपल्यावर लोक उभे राहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. तर तो नमस्कार. निबंध इथल्या नियतकालिकात छापायलाही घेतलाय.

एवढा आनंद झालेला असताना हे लिहावं की नको, कळत नाही. पण तुम्हीच शिकवलंत, शंका आली की हात वर करायचा. नंतर कॉफी पिताना प्रोफेसर लवीनियांनी विचारलं, त्या शिक्षकाचं नाव काय? मी म्हटलं, आबांनी लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या आजोबांना प्रत्येक पोराचं नाव, पिठल्याची चव, भिंत कोणत्या पावसात बसली, सगळं आठवतं. ज्यानं त्यांचा अपमान केला त्याचंच नाव आठवत नाही?

मला त्यांचा रागच आला. पण खोलीवर येऊन तुमचं ऑक्टोबरचं पत्र पुन्हा काढलं. चार ओळी आहेत, आबा. तुम्ही मला चार ओळींचं पत्र कधी लिहिलंय?

त्या मास्तरांचं नाव कळवा. छापण्याआधी तळटीप द्यावी लागेल.

श्रुतिका


५ जानेवारी २०२५

श्रुतिकाताई,

सलाम. मी अर्शद. तुझे नोव्हेंबरपासूनचे तिन्ही कागद मी आबांना हातात दिले आहेत, आणि चौथा परवा दिला. तुला वाटेल दुकानात राहिले, म्हणून लिहितोय. आबांची तब्येत ठीक आहे, घाबरू नकोस.

पण रोज दुपारी येतात आणि दुकानात बाकावर बसतात. दोनदा कागद लिहून आणला, माझ्या हातात दिला, आणि मी फोटो काढायच्या आत परत घेतला. काल मला विचारत होते, तुझ्याकडे दाखले काढायला कातकरी वाडीतले लोक येतात ना, त्यांच्यात हिलम आडनावाचं कोणी आहे का? मी म्हटलं, आबा, बरेच आहेत, काय काम आहे? तर उठून गेले. छत्री इथेच विसरले. जानेवारीत छत्री कशाला आणली होती हेही मला कळलं नाही.

तू त्यांना जरा सांभाळून लिही.

अर्शद


२ फेब्रुवारी २०२५

श्रुतिका,

जय भीम. हे पत्र वाचताना बसून वाच.

गावातून कुठला मास्तर येत नव्हता. दुसरा माठ आमच्यातल्याच एका पोराचा होता. आम्ही अठरा नव्हतो. एकोणीस होतो.

त्याचं नाव सदू. सदू गोमा हिलम. कातकऱ्याचा पोर. त्याचा बाप कशेडीच्या जंगलात कोळशाची भट्टी लावायचा. रामजी मास्तरांना तो भट्टीवरच सापडला. कोळशानं दगडावर आकडे काढत होता, कुणी शिकवले नव्हते, ठेकेदाराच्या गोण्यांवरचे बघून शिकला होता. मास्तर त्याला हाताला धरूनच घेऊन आले. आठ दिवसांत पाढे, महिन्याभरात माझ्या पुढं. मला तो आवडत नव्हता. आता या वयात खोटं कशाला बोलू.

तो आल्यावर पंधरा दिवसांनीच आमच्या पोरांचे बाप आले, त्यात माझा बाप पण होता. म्हणाले, हे लोक उंदीर खातात, त्यांच्या पोराबरोबर आमची पोरं एका माठातलं पाणी पिणार नाय. एक तर तो राहील, नाय तर आमची. मास्तर बोलले खूप. पलटणीतला आवाज काढून बोलले. पण अठरा पोरं गेली असती तर वसतिगृह बंदच पडलं असतं. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः कुंभाराकडं जाऊन माठ घेऊन आले. आमच्याकडं न बघता पडवीत ठेवला. त्या दिवशी जेवले नाय.

चूक होऊ नये म्हणून त्या माठाच्या गळ्याला काथ्याची दोरी मी बांधली. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मीच बांधली.

पाणी भरणं माझं काम. एप्रिल महिना होता, नदी आटलेली, झऱ्यावर जावं लागायचं. मी कंटाळा केला आणि आमचाच माठ भरला. सदूचा दोन दिवस कोरडा होता. तिसऱ्या दिवशी शाळेतून आला, आणि आमच्या माठात पेला घातला. मी बघितलं. मी बोंब मारली, श्रुतिका. अख्खं वसतिगृह गोळा केलं. आणि सगळ्यांदेखत दगड घालून आमचा माठ फोडला, बाटला म्हणून.

माझा बाप दर २० मार्चला सांगायचा की त्यांनी पाणी प्यायल्यावर गावानं तळ्यात गोमूत्राचे घडे ओतून तळं शुद्ध केलं. ते ऐकत मी मोठा झालो, आणि अकराव्या वर्षी मी तेच केलं.

सदूनं खाली बसून खापऱ्या गोळा केल्या. पडवी झाडली. मग गोधडीची घडी केली, पाटी ट्रंकेवर ठेवली आणि चालत गेला. परत आला नाय. मास्तर दोनदा आणायला गेले, दोनदा एकटेच आले. मला त्यांनी मारलं नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तू विचारलंस तेव्हा मला सांगता आलं असतं. पण तू तुझं तुझंच उत्तर लिहून पाठवलं होतंस, आणि त्यात मी किती चांगला दिसत होतो. ते मी घेतलं. मला लाज वाटते. सत्तर वर्षं वाटतेच हाय, पण तुझ्यापुढं पहिल्यांदा.

त्या गृहस्थांचा नमस्कार त्यांना परत दे.

आबा


९ फेब्रुवारी २०२५

आबा,

मी निबंध मागे घेतला. संपादकांना लिहिलं की माझी माहिती चुकीची होती. माझी, असंच लिहिलं.

मला तुमचा राग आलाय. तो लपवत नाही. तुम्ही मला बोट धरून त्या तळ्याच्या पायऱ्यांवर नेत होतात. मी शाळेत प्रत्येक निबंधात तुमचं नाव घालत होते. आठ दिवस मी पाणी प्यायला पेला उचलला की मला त्या खापऱ्या दिसतात. आणि आणखी राग माझा आलाय. मिनर्व्हाची गोष्ट सापडल्यावरसुद्धा मला सुचलं नाही की दुसरा माठ कोणाचा असेल. आपली माणसं असं करणार नाहीत, असं मी गृहीतच धरलं. मिनर्व्हा लाजाळू होती असं लिहिणाऱ्यात आणि माझ्यात काय फरक?

प्रोफेसर लवीनियांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मिनर्व्हाच्या घरचं कोणीतरी सापडावं म्हणून मी तीस वर्षं शोधतेय. कोणी उरलं नाही. माफी मागायलासुद्धा माणूस लागतो.

तुमच्याकडे कदाचित कोणीतरी उरलं असेल. कशेडी बिरवाडीहून तासाच्या अंतरावर आहे. जा, आबा. आणि दगडावर एकोणीस नावं हवीत. त्याशिवाय मला लिहू नका.

श्रुतिका


२३ मार्च २०२५

श्रुतिका,

जय भीम. जाऊन आलो, म्हणून लिहितो.

आधी दगडाचं. समितीत जाऊन मी सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. अध्यक्ष चांगला माणूस हाय, माझाच विद्यार्थी. म्हणाला, आबा, दगड कोरून झालाय, आणि जयंतीच्या तोंडावर आपलंच उणं आपण कशाला काढायचं? मी म्हटलं, माझं नाव घासून टाका आणि तिथं त्याचं घाला. सगळे खाली बघायला लागले. बघू म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला कळतं, मी पण समित्यांत बसलोय.

मग अर्शदनं वाडी शोधून काढली. सदू गेला, अकरा वर्षं झाली. आयुष्यभर भट्ट्यांवर राबला, छातीत धूर भरून मेला. बायको हाय, जानकीबाई. अर्शदनं तिच्या सुनेच्या फोनवर आधी कळवलं होतं की बिरवाडीचे एक मास्तर येतात, सदूच्या शाळेतले.

गेलो २० मार्चला. दर वर्षी त्या दिवशी मी तळ्यावर असतो. पंचावन्न वर्षांत चुकलं नव्हतं. यंदा अर्शदच्या मोटरसायकलवर मागं बसून कशेडीकडं गेलो. मनाशी एकच धरलं होतं, की तिच्या घरी जायचं आणि तिच्या माठातलं पाणी मागून प्यायचं. मग काय ते बोलायचं. रस्ताभर तेच घोकत होतो.

वाडीत नळ आलाय, पाणी आलेलं नाय. बायका खालच्या विहिरीवरून आणतात. घर स्वच्छ, दारात माठ, वर ताटली, ताटलीवर पेला. मी नाव सांगितलं, चांगू मास्तर. जानकीबाईनं चटई टाकली. मी पाण्याचं बोलणार तेवढ्यात सून आतून बाटली घेऊन आली. विकतची, झाकण बंद. तेवढ्यासाठी ती हायवेवरच्या टपरीवर चालत जाऊन आली होती. माझ्यासमोर झाकण फोडून दिली.

मी म्हटलं, कशाला गो हे? जानकीबाई म्हणाली, "असू द्या मास्तर. आमच्या घरात रीतच हाय. हे सांगायचे, शाळंत त्यांचा एकट्याचा माठ होता. हुशार होते म्हणून मास्तरांनी मानानं दिलेला, दुसरं कोण हात लावत नव्हतं. म्हणून मानाचा माणूस आला की त्याला पाणी वेगळं."

तिची नात सेजल बाजूला बसली होती. महाडच्या कॉलेजात हाय, अकरावीला. त्या घरातली एवढी शिकलेली पहिलीच. तिचे डोळे बघायला हवे होतेस. मला विचारते, "तुम्ही पाह्यलाय आजोबांचा माठ?"

मी म्हटलं, पाह्यलाय. त्याच्या गळ्याला काथ्याची दोरी होती. एवढंच माझ्याकडून बोललं गेलं. पोरगी हसली.

थोड्या वेळानं सून आणि सेजल विहिरीवर गेल्या. मी जानकीबाईला म्हटलं, बाई, तो मानाचा नव्हता. आणि सगळं सांगितलं. माठ कुणी कोरडा ठेवला, कुणी बोंब मारली, कुणी दगड घातला. ती पदरानं चटईवरची धूळ झटकत राहिली.

मग म्हणाली, "ठाऊक हाय, मास्तर. लग्नाच्या वर्षी त्यांना ताप चढलेला, त्यात सगळं बरळले. चांगू पाणी घाल, चांगू पाणी घाल, असं तीन दिवस. तुम्ही नाव सांगितलंत तवाच ओळखलं."

मी म्हटलं, मग पोरांना असं का सांगितलं त्यांनी?

"खरं सांगितलं असतं तर पोरं गेली असती काय शाळंत?"



मी हात जोडले. माफी मागितली. तिनं हो म्हटलं नाय, नको पण म्हटलं नाय. मी विचारलं, माझी नात लिहिते हाय, सदूचं नाव लिहू दे काय? म्हणाली, "नाव लिवा. त्यांचं नाव कुठंच नाय, रेशन कार्डावरनं पण काढलं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. सेजलची परीक्षा होऊ द्या आधी."

तर तू सगळं लिही. सदू गोमा हिलम, पहिली तुकडी, एकोणिसावा. माझं नाव गाळू नकोस. सेजल एक दिवस वाचेल, तेव्हा दोरी कुणी बांधली ते तिला कळू दे. मी तिच्या डोळ्यांत बघून अर्धंच सांगितलं, उरलेलं तुझ्या हातून जाऊ दे.

निघताना मी उठलो. माठ माझ्यापासून हातभर होता. मी माठाकडं बघितलं, ते जानकीबाईनं बघितलं. एका शब्दाचं काम होतं, दे म्हणायचं. मला तोंड उघडता आलं नाय, आणि तिनं पण पेल्याला हात लावला नाय. चटईवरची बाटली उचलून माझ्या हातात दिली.

म्हणाली, "फोडलीय ती आता तुम्हीच संपवा, मास्तर. आमच्यात कोण पिणार नाय."

मी तिच्यासमोर उभा राहून ती बाटली संपवली.

आबा